दोघांची खुशाली

"दूध कुणासाठी काढू?" असं म्हणून महानंदानं वाटी माझ्या हातात परत दिली. वाटी कोरडी होती.

ती डाव्या कुशीवर पडली होती. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टा. वाटी स्टीलची होती, उकळून फडक्यात गुंडाळून दिलेली. समोरच्या इमारतीतून, मधलं अंगण ओलांडून, वर तळहात धरून मी ती आणली होती.

"लेकरांसाठी," मी म्हणालो.

"कोणत्या?"

"आपल्या. दोघांसाठी."

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. तिची आई पायथ्याशी बसली होती. त्यांनी मला डोळ्यानंच बाहेर जा म्हणून सांगितलं.

महानंदा माझी बायको. तिला जुळं झालं होतं, दिवस भरायच्या खूप आधी. आमच्या तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जीपमधून नेताना वाटेतच तिला झटके आले. ऑपरेशन झालं तेव्हा ती शुद्धीत नव्हती आणि नंतरही बराच वेळ नव्हती. आधी मुलगा निघाला, मग मुलगी. मुलगा दिवस मावळायच्या आत गेला. मी आणि महानंदाचा चुलतभाऊ दत्तू, आम्ही दोघांनी त्याला नेऊन पुरलं. मुलगी जगली होती. ती समोरच्या इमारतीत, लहान बाळांच्या वॉर्डात, काचेच्या पेटीत होती.

महानंदाला शुद्ध आली तेव्हा तिनं पहिल्यांदा लेकरांचं विचारलं. उत्तर काय द्यायचं ते तोवर ठरून गेलं होतं. माझ्या सासूबाईंनी ठरवलं होतं. त्यांना मी मामी म्हणतो.

"दोन्ही काचेत हायत म्हणायचं," मामी म्हणाल्या होत्या. "टाके वाळू द्या, उठून बसू द्या. मग सांगू."

बाळंतिणींच्या वॉर्डातल्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं की बीपी अजून उतरत नाही, झटके परत येऊ शकतात, तिला टेन्शन देऊ नका. खोटं बोला असं ते म्हणाले नव्हते. पण आम्ही दोन्ही गोष्टी एकच धरल्या.

मी नगरपरिषदेत वॉलमन आहे. गल्ल्यांना पाणी सोडणं माझं काम. आमच्याकडं पाणी पाळीनं येतं आणि पाळी कायम चुकते. व्हॉल्व्ह फिरवायची मोठी लोखंडी किल्ली खांद्यावर घेऊन गल्लीत शिरलं की बाया घागरी मांडून बसलेल्या असतात. पाणी कधी, म्हणतात. मी म्हणतो, येतंय, येतंय, वरून सोडलंय. टाकीचा तळ दिसत असला तरी तेच म्हणतो. नाही म्हटलं की भांडण लागतं. येतंय म्हटलं की बाया बसून राहतात. त्या बोलण्याचा एक आवाज तयार होतो. जरा वरच्या पट्टीतला, चालता चालता बोलायचा. थांबून बोलायचं नसतं, थांबलं की लोक तोंडाकडं बघतात.

त्या दिवसांत मी वरच्या मजल्यावरून खाली, अंगणातून समोर, परत वर, असा फिरत होतो. एका जागी बसलो की वाटायचं दुसऱ्या ठिकाणी काहीतरी झालं असेल. समोर असलो की वर झटका आला असेल, वर असलो की समोर पेटी रिकामी झाली असेल. अंगणातल्या नळावर पाणी प्यायचो आणि तेवढा वेळ कुठंच नसायचो.

समोरच्या वॉर्डाची रीत वेगळी होती. दुसरीकडं नातेवाइकांना दारातूनच हाकलतात. इथं काझी मॅडम म्हणून डॉक्टर होत्या, त्यांनी आई-बापाला आत घ्यायची पद्धत लावली होती. नुसतं बघायला नव्हे, कामाला. लंगोट बदलायचा, अंगाला हात लावून थंड की गरम ते सांगायचं, श्वास कसा चाललाय त्यावर नजर ठेवायची. खंदारे सिस्टर शिकवायच्या. आत जायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. पहिल्या दिवशी मी बोटं ओली केली आणि निघालो तर त्यांनी मला परत नळावर आणलं.

"काय काम करता?"

"वॉलमन हाय."

"मग साऱ्या गावाला पाणी सोडता आणि स्वतःच्या हातावर सोडायला जीव जातो होय? धुवा. नखातून गंज निघेपर्यंत धुवा."

हात धुतल्यावर त्यांनी मला शर्ट काढायला लावला. मला लाज वाटली, आत बाया होत्या. सिस्टर म्हणाल्या, इथं कुणाला तुमच्याकडं बघायला वेळ नाही. खुर्चीत मागं रेलून बसवलं आणि पोरीला पेटीतून काढून माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. वर फडकं, त्यावरून पट्टा बांधला. नाकात नळी, पायाला वायर. पोर केवढी, तर माझ्या किल्लीच्या मुठीपेक्षा थोडी मोठी. आईच्या नाहीतर बापाच्या अंगाची ऊब लागली की अशी लेकरं श्वास घ्यायला विसरत नाहीत, असं सिस्टरनं सांगितलं. आई येईपर्यंत तुम्हीच, म्हणाल्या.

तिचा डावा कान दुमडलेला होता. तिनं माझ्या छातीचे केस मुठीत धरले आणि सोडेना. मी हललोसुद्धा नाही. सगळ्या दिवसात तेवढाच वेळ मी एका जागी असायचो.

काझी मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हिला आईचं दूध पाहिजे. थेंबभर का असेना, पण आईचंच. वरचं दूध एकदा देऊन बघितलं तर पोरीचं पोट फुगलं होतं. सलाईनवर असं लेकरू जास्त दिवस धकत नाही. म्हणून ती वाटी. आणि वाटी कोरडी परत आली होती.

"उद्या परत प्रयत्न करा," मॅडम म्हणाल्या. "ती जेवते का?"

"नाही."

"बोलते?"

"विचारती. दोघांचं विचारती."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काय ते कळलं असावं. पलीकडच्या पेटीचा अलार्म वाजायला लागला म्हणून त्या तिकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी महानंदानं मला जवळ बसवून घेतलं. मामी डबा धुवायला गेल्या होत्या. तिनं विचारलं, पोरगी कशी आहे. मी सांगितलं. डावा कान दुमडलेला आहे, छातीचे केस ओढते, शिंकते तेव्हा सगळं अंग शिंकतं. मग तिनं विचारलं, आणि पोरगा?

"तोबी बराय," मी म्हणालो. "तसाच हाय. दोघं सारखीच हायत."

"त्याचा कान?"

"त्याचाबी... त्याचे चांगले हायत."

"रडतो का?"

"रडतो की. येईल, समदं ठीक होईल. वरून डॉक्टर यायलेत, औषध चालू हाय."

मी उठलो, चादर नीट केली, सलाईनची बाटली बघितली.

"बसा," ती म्हणाली. "उभं राहून बोलू नका. तुम्ही गल्लीत पाणी येतंय म्हणता ना, तसं बोलायलाव."

मी बसलो नाही. खाली गेलो, समोर गेलो, खंदारे सिस्टरच्या हातापाया पडून मोबाईलवर पोरीचा फोटो काढून घेतला आणि धावत वर आणला. महानंदानं मोबाईल हातात घेऊन बघितला. बराच वेळ बघितला. मला वाटलं झालं, आता वाटी मागेल.

"दुसऱ्याचा?" तिनं विचारलं.

"दुसऱ्याचा काढू देईनात."

"मग हे कुणाचं लेकरू हाय?"

"कुणाचं म्हणजे? आपलं."

तिनं मोबाईल उशीवर ठेवला. मामी डबा घेऊन आल्या होत्या, दारातच थांबल्या. महानंदा त्यांच्याकडं बघून बोलायला लागली. आवाज चढवला नाही. गावातली कुणाची तरी गोष्ट सांगावी तशी थोरल्या बहिणीची गोष्ट सांगत होती.

"इंदूअक्काच्या वक्ताला मी शाळेत होते. अक्काचं लेकरू दवाखान्यातच गेलं. मायनं सगळ्यांना बजावलं, काचेत हाय म्हणायचं. अक्काला दूध यायचं, तिला ताप यायचा, म्हणून वाटीत काढून द्यायची. वाटी न्यायचं काम माझ्याकडं. मी ती परसात न्यायची आन लिंबाच्या बुडाला ओतायची, कुणाचा पाय पडू नाही म्हणून. आन आत येऊन सांगायची, प्यालं गं अक्का, सगळं प्यालं."

मामी तिथंच खाली बसल्या.

"आता माझी वाटी कोण ओतणार हाय?" महानंदा म्हणाली. "तुम्ही का माय?"

मी म्हणालो, पोरगी जिवंत आहे, तुझ्या गळ्याची शपथ. ती म्हणाली, अक्कालाबी शपथ घातली होती. आणि तिनं डोळे मिटून घेतले. त्या दिवशी तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. नर्सबाईनं बीपी बघितलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोर गेलो तेव्हा पोरीला छातीवर घ्यायची वेळ झाली होती. हात धुतले, बसलो. ती आज केस धरत नव्हती. मूठ उघडीच होती. सिस्टरनं तिच्या तळपायाला दोनदा टिचकी मारली तेव्हा तिनं श्वास घेतला. मी सिस्टरकडं बघितलं. त्या म्हणाल्या, थकलीय.

काझी मॅडम आल्या. मी बसल्या जागेवरून त्यांना म्हणालो, मॅडम, तुम्ही वर चला. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही सांगितलं तर ती ऐकेल. लेकरू जिवंत आहे एवढंच सांगा.

"येते," त्या म्हणाल्या. "पण तिनं मुलाचं विचारलं तर मी काय सांगू?"

मी पोरीवरचं फडकं नीट केलं.

"तुम्ही तिला सांगितलेलं नाही."

"डॉक्टर म्हणले झटके येतील. सासूबाई म्हणतेत..."

"पाटील," त्या म्हणाल्या. माझं आडनाव पाटील नाही, लोहकरे आहे, पण त्या सगळ्या बापांना पाटील म्हणायच्या. "आम्ही तुम्हाला आत का घेतो, माहितीय? बाळ सुधारलं तरी तुमच्यासमोर, बिघडलं तरी तुमच्यासमोर. मग आम्हाला खोटं बोलायला जागा राहत नाही. तुम्हाला पण नाही. मी वर येऊन अर्धंच खरं बोलणार नाही."

"आन तिला काही झालं तर?"

"होऊ शकतं. म्हणून मी तिच्या डॉक्टरांशी बोलते. औषध देऊन, बीपीचं मशीन लावून, ते समोर असताना सांगायचं. पण ती आत्ताही काय शांत पडलेली नाही. तिनं दोन्ही लेकरं पुरली आहेत मनात. तुम्ही एक पुरलंय."

मी पोरीकडं बघितलं. खालून तिचं नाक दिसत होतं, बाकी फडक्यात. तिच्या खाली जे फडकं होतं ते महानंदाच्याच पोपटी लुगड्याचं. बाळंतपणाला म्हणून घरून आणलेलं, सिस्टरनं धुऊन उकळून घेतलेलं.

"कोण सांगणार?" मी विचारलं.

"तुम्ही. मी शेजारी उभी राहते."

दुपारी भेटायला आलेल्यांची गर्दी पांगल्यावर आम्ही वर गेलो. मामी वॉर्डाच्या दारात उभ्या होत्या. त्यांना नर्सबाईकडून कळलं होतं. त्यांनी दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले.

"माझ्या लेकीला मारायलाव का?" त्या म्हणाल्या. "एक गेलं, ते गेलं. दुसरंबी राहतंय का नाही, कुणाला ठाव. हिला तरी राहू द्या की."

"मामी, पोरगी भुकेली हाय."

"पोरगी होईल दुसरी."

मी त्यांना काही वेडंवाकडं बोललो नाही. त्या वाईट बाई नव्हत्या. इंदूअक्काला त्यांनीच वाचवलं, असं त्यांच्या मनानं घेतलेलं होतं. आणि पोरीला बघायला त्या एकदाही समोर गेल्या नव्हत्या. बघितलं की जीव गुंततो, म्हणायच्या.

"मामी," मी म्हणालो, "मी तिला येतंय म्हणून सांगून थकलो. ती घागर घेऊन बसलेली नाही. ती उठून गेलीय."

त्यांनी हात खाली केले. का केले ते मला आजही माहीत नाही. काझी मॅडम मागं उभ्या होत्या म्हणून असेल.

वॉर्डातले डॉक्टर पट्टा बांधून मशीनजवळ उभे राहिले. मला म्हणाले, बोला, मी आहे. मी स्टूल ओढून बसलो. महानंदानं डोळे उघडले, आधी डॉक्टरांकडं बघितलं, मग मॅडमकडं, मग माझ्याकडं. मी बसलोय हे तिच्या लक्षात आलं.

"महानंदा," मी म्हणालो, "पोरगा गेला."

ती हलली नाही. पट्टा आपोआप फुगला, मशीन घरघरलं, पट्टा उतरला. डॉक्टरांनी आकडा बघितला.

"कधी?"

"झाला त्याच दिवशी. सांजच्याला."

"कुणी नेला?"

"मी आन दत्तूनं."

"कशात गुंडाळला?"

"तुझ्या पोपटी लुगड्यात. पिशवीत तेच होतं."

"फाडलंव?"

"अर्धं फाडलं."

"वर दगड ठेवलाव का? कुत्री असतेत."

"ठेवला. दोघांनी मिळून उचलला तेवढा ठेवला."

"तोंड कसं होतं?"

"तुझ्या वडलांवाणी. कपाळ मोठं. डोळे मिटलेले होते, मी उघडून बघितले नाहीत."

ती विचारत गेली, मी सांगत गेलो. खड्डा कुणी खणला, माती कशी होती, परत येताना मी काही खाल्लं का. मी सगळं सांगितलं. चहा प्यालो होतो तेही सांगितलं. मला वाटलं होतं मी सांगू शकणार नाही, पण एकदा पहिला शब्द निघाल्यावर बाकीचे आपोआप येत होते. ती रडत होती, पण आवाज नव्हता. नुसतं उशीवर पाणी. मशीन परत घरघरलं. डॉक्टरांनी सलाईनमध्ये काहीतरी टोचलं आणि मानेनं मला चालू द्या म्हणून खूण केली.

मग तिनं सलाईनच्या हातानंच तोंड पुसलं.

"लुगड्याचं राहिलेलं अर्धं कुठं हाय?" तिनं विचारलं.

"पोरीच्या अंगाखाली. सिस्टरनं उकळून घेतलंय."

"पोरगी कशी हाय?"

मी सांगितलं. डावा कान दुमडलेला आहे. शिंकते तेव्हा सगळं अंग शिंकतं. केस धरते, पण आज धरले नाहीत. आज तळपायाला टिचकी मारावी लागली. दूध नाही, म्हणून थकलीय.

"कालबी तुम्ही हेच सांगितलंव. कानाचं."

"व्हय."

"काल मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली. आणि मग, "वाटी कुठं हाय?"

वाटी माझ्या खिशात होती, फडक्यात गुंडाळलेली. मॅडमनी ती बघितली, म्हणाल्या ही आता चालायची नाही, खालून दुसरी मागवते. डॉक्टर पहिल्यांदा हसले. दुसरी वाटी आली. पडदा ओढला. मी आणि डॉक्टर बाहेर. आतून मामींचा आवाज येत होता, हळू, अशी धर, खालून वर नको, वरून खाली. मायलेकी दोघी रडत होत्या आणि काम चालू होतं.

मामी पडद्याबाहेर आल्या तेव्हा वाटीच्या तळाला पिवळसर, घट्ट असे थोडे थेंब होते. पळीभर सुद्धा नव्हतं. मी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, भरपूर आहे.

आतून महानंदा म्हणाली, "तुम्ही न्या. आन मायला बरुबर न्या."

मामी नको म्हणत होत्या. मी वाटी एका हातात धरली आणि दुसऱ्या हातानं त्यांना धरलं. अंगण ओलांडताना त्यांनी वाटीवर पदर धरला, धूळ उडत होती म्हणून. समोर खंदारे सिस्टरनं त्यांना नळावर उभं केलं, बांगड्या मागं सारायला लावून कोपरापर्यंत हात धुऊन घेतले. मामी एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हेत, पण तिथं गपचूप धुतले.

सिस्टरनं सिरिंजमध्ये दूध ओढलं. एक थेंब बोटानं पोरीच्या जिभेला लावला. पोरीनं ओठ हलवले. बाकीचं नळीतून सोडलं, हळूहळू, सिरिंज उंच धरून. मामी पेटीच्या काचेला नाक लावून बघत होत्या. सिस्टर म्हणाल्या, आजी, काच धुरकट होते. मामींनी पदरानं काच पुसली आणि परत नाक लावलं.

आम्ही वर आलो. महानंदा दाराकडंच तोंड करून पडली होती. मामी तिच्याजवळ गेल्या.

"प्यालं गं," त्या म्हणाल्या. "सगळं प्यालं."

महानंदानं माझ्याकडं बघितलं. मी होय म्हणून मान हलवली. तिनं मामींच्या हातातून वाटी घेतली, आत बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, भूक लागलीय.

पुढं तिचं बीपी पूर्ण कधीच उतरलं नाही. पण ती उठली. चाकाच्या खुर्चीत बसून अंगण ओलांडलं, हात धुतले आणि माझ्या छातीवरून पोरगी काढून आपल्या छातीवर घेतली. खंदारे सिस्टर म्हणाल्या, वॉलमन, आता घाला शर्ट. पोरीचं नाव आम्ही सृष्टी ठेवलं. तिचा डावा कान अजून दुमडलेलाच आहे, ती केसांनी झाकते.

त्यानंतर महानंदानं मला घरात तसं बोलू दिलं नाही. चालता चालता काही म्हणालो की म्हणायची, बसा आणि सांगा.

गेल्या वर्षी तिची किडनी निकामी झाली. बीपीनंच खाल्ली, डॉक्टर म्हणाले. दर आठवड्याला डायलिसिसच्या मशीनवर जायची, मग मशीनही झेपेना. एके दिवशी डॉक्टरांनी मला खोलीत बोलवून आता थोडेच दिवस उरलेत म्हणून सांगितलं आणि म्हणाले, पेशंटला सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. बाहेर बाकावर मामी बसल्या होत्या, आता पार वाकलेल्या. शेजारी सृष्टी, शाळेच्या गणवेशातच. मला वाटलं मामी परत म्हणतील, नका सांगू. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, पदर डोळ्याला लावला, मग म्हणाल्या, "जावा. सांगून या तिला. मी बसते हितं."

मी आत गेलो आणि स्टूल ओढून बसलो. मी बसलो तेव्हाच तिला कळलं असावं. तरी तिनं सगळं ऐकून घेतलं. काय काय विचारलं. किती त्रास होईल, घरी नेता येईल का, मामींना कोण बघेल. मी माहीत होतं तेवढं सांगितलं, नव्हतं ते माहीत नाही म्हणालो. शेवटी ती म्हणाली, "आता पोरीला सांगा."

"मी?"

"मग कोण? तुमच्या छातीवर जगलीय ती."

मी बाहेर आलो. सृष्टी बाकावरून उठली. दप्तर पाठीवरच होतं. तिनं विचारलं, "पप्पा, आई घरी कधी येणार?"

येईल, येईल, हा शब्द तोंडाशी आला होता. मी तिच्या पाठीवरचं दप्तर काढून खाली ठेवलं, तिला बाकावर बसवलं आणि तिच्याजवळ बसलो.